दुसऱ्या इन्स्पेक्टरची सही

भाड्याचं घर बघायला गेलं की मालक काय विचारतात, ते मला पुण्यातल्या पहिल्या दोन महिन्यांत पाठ झालं होतं. माणसं किती, पाणी किती लागतं, नॉनव्हेज करता का, गावाकडचे पाहुणे किती दिवस राहतात. धायरीतल्या त्या दुमजली घराच्या मालकांनी यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुमचं माहेरचं नाव काय?"

मी माहेरचं आडनाव सांगितलं.

"आडनाव नको. नाव. लग्नाआधी घरी काय हाक मारायचे?"

आमच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, ते सासरच्या सगळ्यांनी वाकून वाचलं, छान छान म्हणाले आणि त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला. तेव्हापासून जुन्या नावानं मला फक्त माहेरची माणसं हाक मारायची, तीही फोनवर. त्यामुळे मी जराशी अडखळलेच. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे मदतीसाठी बघितलं, तर तोही आठवत होता. शेवटी मी सांगितलं. मालकांनी शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली, ते नाव लिहून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "खोली वर आहे. तिसऱ्या पायरीवर जपून. ती बाकीच्यांपेक्षा बारा एमएमनं कमी आहे. गवंड्यानं मोजली नव्हती."

आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो आणि त्यांच्या बायकोला काकू. चार वर्षं त्यांच्या डोक्यावर राहिलो.

काका मूळचे आमच्याकडचेच, यवतमाळ जिल्ह्यातले. विशीत पुण्याला आले आणि हडपसरच्या एका कारखान्यात लागले ते इन्स्पेक्शन खात्यात मुरले. गाडीच्या इंजिनात जाणारे लहान लहान भाग तपासायचे, बरोबर असले तर हिरवी चिठ्ठी, शंका असली तर पिवळी, बाद असले तर लाल. पंचवीस-सव्वीस वर्षं हेच काम. मग देशात वारं बदललं, कारखान्यात परदेशी भागीदार आला, त्याच्यामागून काचेच्या पेटीतलं एक मशीन आलं. ते स्वतःच मोजायचं आणि स्वतःच सांगायचं. काकांच्या खात्यातल्या अकरा जणांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले गेले. "स्वेच्छा" हा शब्द उच्चारताना काका नेहमी मध्ये थोडे थांबायचे.

"मशीन मोजतं, ते ठीक आहे," ते म्हणायचे. "पण मशीनला शंका येत नाही."

हे सगळं मला काकूंनी सांगितलं. काकांनी सही केली तो शुक्रवार होता. सोमवारी पहाटे ते नेहमीसारखे उठले, दाढी केली, फिकट निळा युनिफॉर्मचा शर्ट घातला, डबा घेतला आणि फाट्यावर जाऊन उभे राहिले. कंपनीची बस आली. ड्रायव्हरनं सवयीनं थांबवली, काका सवयीनं चढले. बसमध्ये कुणी काही बोललं नाही. गेटवर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला आणि गाडीनं घरी पोचवलं.

"कुणी हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं बाई," काकू म्हणाल्या. "चहा पाजला ना, तो यांना लागला."

त्यानंतरचं वर्ष काकूंनी मला एका वाक्यात सांगितलं: "माणूस घरात होता, पण हजेरी नव्हती." झोप उडाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काकूंनी शनिवार सुरू केला, गुरुवार सुरू केला, कुणी सांगितलं म्हणून एका महाराजांच्या बैठकीलाही नेलं. काका गेले, मांडी घालून बसले, आणि महाराजांना विचारून आले की हे जे तुम्ही सांगता, ते तुम्ही स्वतः बघितलंय की ऐकीव आहे?

"हे देवाला मानत नाहीत असं नाही," काकू म्हणायच्या. "यांनी देवाला पिवळी चिठ्ठी लावलीय."

आणि मग एक दिवस त्यांच्या मुलीनं कॉलेजचा फॉर्म आणला. त्यात आईचं नाव लिहायला एक नवी जागा आली होती. काकूंनी विचारलं, "कुठलं लिहू? माहेरचं का सासरचं?" काका म्हणाले, "तुझं माहेरचं नाव काय होतं?"  वीस वर्षं संसार केलेल्या बाईचं नाव आपण विसरलो, याची त्यांना इतकी लाज वाटली की संध्याकाळी ते जेवलेच नाहीत. काकूंना त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. "मीच विसरत चालले होते," त्या मला हसत म्हणाल्या. पण जेवणावरून उठलेल्या काकांच्या डोक्यात दुसराच प्रश्न शिरला होता. आपल्या आईचं माहेरचं नाव काय?

ते त्यांना माहीतच नव्हतं. विसरले नव्हते, कधी कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा निळा शर्ट घातला, डबा घेतला आणि सात दहाला घर सोडलं. काकूंना वाटलं, पुन्हा तेच. पण या वेळी ते बसला उभे राहिले नाहीत. ते हडपसरला एका दूरच्या चुलत्याकडे गेले आणि आजोबांच्या भावांची नावं लिहून आणली. त्या दिवसापासून रोज पहिली पाळी. कधी जुन्या कागदांच्या दप्तरात, कधी नातेवाइकांकडे, कधी एसटीनं गावाकडे. गोळ्या हळूहळू सुटल्या.

आम्ही राहायला गेलो तेव्हा खालची पुढची खोली म्हणजे त्यांचं खातं झालं होतं. ड्रॉइंगचे मोठे कागद एकमेकांना चिकटवून सगळ्या भिंतीवर घराण्याचा आराखडा काढलेला. प्रत्येक माणसाला एक चौकट, आणि प्रत्येक चौकटीला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी. उन्हाळ्यात मी एकदा घामाघूम होऊन आत गेले आणि पंख्याचं बटण दाबायला हात नेला, तर ते ओरडले, "पंखा नको! पूर्वज उडतात."

नियम एकच होता. हिरव्या चिठ्ठीला दोन साक्षी लागायच्या, आणि त्या दोघांनी एकमेकांना विचारून सांगितलेलं चालायचं नाही. एक साक्ष असली तर पिवळी. "घराण्यात म्हणतात" असं कुणी सुरू केलं की ते हात वर करायचे. "'म्हणतात'वाला माल आपण घेत नाही."

त्यांचा एक चुलतभाऊ जमिनीच्या व्यवहारात उतरला होता आणि त्याला त्याच्या नव्या बिल्डिंगच्या कमानीवर घराण्याचा काही तरी मान हवा होता. तो मोठ्या गाडीतून आला, पेढे घेऊन.

"दादा, आपले पणजोबा कुठल्या तरी गढीवर सरदार होते ना? एवढं लिहून दे. फ्रेम करून लावतो."

"सरदार होते याची साक्ष नाही," काका म्हणाले. "शेळी चोरली होती याच्या दोन आहेत."

"काय?"

"एक दप्तरात, एक गावात. शेळी चितकबरी होती. हिरवी चिठ्ठी लावलीय. पाहिजे तर याची फ्रेम करून देतो."

चुलतभाऊ पेढ्यांचा बॉक्स परत घेऊन गेला. काकूंना त्या पेढ्यांची हळहळ पुढे कित्येक दिवस होती. काका मात्र त्या शेळीचोर पणजोबांवर फार खूश होते. म्हणायचे, "पूर्ण वंशात पक्का सापडलेला हा एकच माणूस. बाकी सगळे भले आहेत म्हणून संशय येतो."

आणि ते कुणालाही विचारायचे. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला. तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय? खराडीच्या ऑफिसातले नवऱ्याचे मॅनेजर एकदा आमच्याकडे जेवायला आले होते. जिन्यात काकांनी त्यांनाही गाठलं. मॅनेजर हसून म्हणाले, "काका, मला माझ्या टीममधल्या सगळ्यांची नावं येत नाहीत."

"मग टीम कशाला म्हणता?" काका म्हणाले आणि बाजूला झाले. नवऱ्याचं त्या वर्षीचं प्रमोशन त्यामुळेच हुकलं, असं तो अजूनही म्हणतो. मला वाटतं, ते माझ्या त्या दिवशीच्या भाजीमुळे हुकलं असावं.

माझी आणि काकांची गट्टी जमली ती माझ्या नोकरीमुळे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा आणि चुका काढायच्या. आमच्या सासरी हे काम कुणाला समजावून सांगता आलं नव्हतं. सासूबाई लोकांना "ती कॉम्प्युटर पुसते" एवढंच सांगायच्या. काकांना एका वाक्यात कळलं.

"म्हणजे तुम्हीही इन्स्पेक्शनलाच!" ते उठूनच उभे राहिले. "ताई, आधी का नाही सांगितलं?"

तेव्हापासून मी "ताई" कमी आणि "इन्स्पेक्टर" जास्त झाले. रविवारी सकाळी ते मला खाली बोलवायचे, नवीन आलेल्या चौकटी दाखवायचे आणि म्हणायचे, चूक काढा. मी काढायची. आई मुलाहून नऊच वर्षांनी मोठी निघतेय. हे दोघे एकाच साली दोन गावांत कसे? प्रत्येक चूक सापडली की ते माझ्याकडे असे बघायचे की मला ऑफिसात कुणी कधी तसं बघितलं नव्हतं. ऑफिसात चूक काढली की ज्याची चूक तो दोन दिवस बोलायचा नाही. काका चूक काढली की काकूंना चहा ठेवायला सांगायचे.

अशाच एका रविवारी आम्ही गच्चीवर होतो. काकूंनी सांडगे वाळत घातले होते आणि काका राखणीला बसले होते. मी विचारलं, "काका, एवढं सगळं कशासाठी? म्हणजे, यातून काय मिळतं?"

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी एक सांडगा उलटा करून ठेवला.

"मी चार वर्षांचा होतो तेव्हा आई गेली," ते म्हणाले. "चेहरा आठवत नाही. एकच आठवतं. ती भाकरी थापत होती. गल्लीतून कुणी तरी तिला हाक मारली. मामा आला होता म्हणे, बैलगाडीनं, न सांगता. त्यानं तिला माहेरच्या नावानं हाक मारली. आणि ती धावली. ताई, पिठाच्या हातांनी, डोक्यावरचा पदर पडला तरी, धावली. मी तिला कधी धावताना बघितलं नव्हतं. आमच्या घरात बायका धावायच्या नाहीत. तव्यावरची भाकरी जळाली, तिचा वास आठवतो. तिचं धावणं आठवतं. मामानं मारलेली हाक तेवढी आठवत नाही."

सांडग्यांवर उतरलेल्या चिमणीला त्यांनी हातानं हुसकलं. 

"आमच्या सगळ्या कागदांवर ती लक्ष्मीबाई आहे. ते सासरचं. दर वर्षी पितृपक्षात नवमीला मी गच्चीवर पान ठेवतो आणि लक्ष्मीबाई म्हणून बोलावतो. ती येत असेल. सून बोलावल्यावर येते तशी येत असेल, खाली मान घालून, दबकत. मला तिला त्या नावानं बोलवायचंय."

मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "देवळात गेलं की मला माझं काय चुकलं ते आठवतं. त्या भिंतीसमोर बसलं की मी कुणाचा आहे ते आठवतं. मला तेवढं पुरतं."

आईच्या चौकटीला तेव्हा पिवळी चिठ्ठी होती. आईच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. मामा निपुत्रिक वारला, घर विकलं गेलं. त्या गावचे एक म्हातारे गृहस्थ हडपसरला मुलाकडे राहायचे. त्यांनी बरंच आठवून सांगितलं होतं, "वेणू असावं. वेणूच." ही एक साक्ष. दुसरी साक्ष देऊ शकेल अशी जगात एकच व्यक्ती उरली होती. आईची लहानपणची मैत्रीण. वय ऐंशीच्या आसपास, आणि राहायची ती माझ्या माहेराहून एका एसटीच्या अंतरावरच्या खेड्यात.

"मग तुम्ही का जात नाही?" मी म्हटलं. "कुठे कुठे फिरता."

"स्वतः केलेलं काम स्वतः तपासायचं नसतं," काका म्हणाले. "माझी आई आहे. मी गेलो तर त्या म्हातारीच्या तोंडून मला हवं तेच काढून आणीन. दुसऱ्या इन्स्पेक्टरची सही लागते."

दिवाळीला मी माहेरी निघाले तेव्हा त्यांनी मला वहीतलं एक पान फाडून दिलं. म्हातारीचं नाव, गाव, एसटीची वेळ आणि खाली सूचना. 'वेणू हे नाव आपण होऊन सांगू नये. फक्त विचारावे. त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे.'

मी त्यांना वचन दिलं. अगदी ऐटीत दिलं.

माहेरी पाच दिवस होते. पहिल्या दिवशी मी झोपले. दुसऱ्या दिवशी बहीण आली. तिसऱ्या दिवशी पाडवा, चौथ्या दिवशी भाऊबीज. पाचव्या दिवशी सकाळची एसटी होती, पण आदल्या दिवशीच्या अनारशांनी माझं पोट बिघडलं होतं. भाऊ म्हणाला, "चाल ना, गाडीवर नेऊन देतो. अर्धा तास लागते." मी म्हटलं, "ऊन फार आहे रे. पुढच्या वेळी बघू." दिवाळीत, यवतमाळला, ऊन. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, त्याला दुसऱ्या साक्षीची गरज नाही.

परत येताना बसमध्ये मी ठरवून टाकलं होतं की सरळ सांगायचं, जमलं नाही, क्षमा करा. चारदा मनात म्हणूनही बघितलं. मी धायरी फाट्यावर उतरले तर काका तिथे उभे होते. इस्त्रीचा निळा शर्ट. किती वेळ उभे होते कोण जाणे; शेजारचा पानवाला म्हणाला, "सकाळपासून तीन बसा झाल्या यांच्या." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. काही विचारलं नाही. फक्त बघितलं.

मी म्हटलं, "भेटले."

एवढा एक शब्द. तिथेही थांबता आलं असतं. भेटले, पण त्यांना आठवत नाही, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांचा चेहरा बघून मी म्हणाले, "वेणूच."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "तुम्ही नाव सांगितलं, का त्यांनी आपणहून?"

"त्यांनी आपणहून."

"शब्द काय होते? त्यांचे शब्द."

आता मला गोष्टी रंगवून सांगायची लहानपणापासूनची खोड आहे. आमच्या घरात कुणी बाजारातून कोथिंबीर आणली तरी मी त्याचा प्रसंग करून सांगते. त्या खोडीनंच माझा घात केला, असं म्हणते खरी, पण खोडीला जीभ नसते, ती माझीच होती. मी म्हणाले, "म्हणाल्या, वेणू ना? फार धावायची. हाक मारली की धावतच यायची."

काका फाट्यावर, लोकांच्या गर्दीत, उभ्या उभ्या रडायला लागले. मग नाक पुसून एकदम आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "खरं सांगून राहिल्या ना तुम्ही?" तीस वर्षं पुण्यात राहून शुद्ध झालेली भाषा त्या एका वाक्यापुरती गळून पडली होती.

मी मान हलवली.

घरी आल्यावर त्यांनी चौकटीची पिवळी चिठ्ठी सोडली, हिरवी बांधली, आणि तिच्या मागे मला सही करायला लावली. माझं माहेरचं नाव लिहून. मी केली. पेन चालत नव्हतं म्हणून दोनदा केली.

त्यानंतरच्या पितृपक्षात नवमीला त्यांनी मला मुद्दाम रजा घ्यायला लावली. गच्चीवर पान ठेवलं, मागे सरले आणि मोठ्यानं हाक मारली, "वेणू!" आईला एकेरी, जशी मामानं मारली असेल तशी. शेजारच्या गच्चीवरच्या बाई दचकल्या. पाण्याच्या टाकीवरचा कावळा क्षणात खाली आला. धायरीतले कावळे तसेही कुणाची वाट बघत नाहीत, पण काकांनी माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजले, "बघा. धावत."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण इतका शांत झालेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही फारसा बघितला नाही. मी स्वतःला सांगितलं, नाहीतरी एका म्हाताऱ्यानं वेणू सांगितलंच आहे, बरोबरच असेल, मी फक्त वेळ वाचवलाय. आमच्या ऑफिसात याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. न चालवताच "पास" लिहिलेली टेस्ट. त्यावरून आमच्याकडे एका मुलाला काढलं होतं आणि त्याला काढा म्हणणाऱ्यांत मी पुढे होते.

काकांनी घराण्याचं एक पुस्तक छापलं. साठ प्रती. कुणाकुणाला नेऊन दिल्या. शेळीचोर पणजोबा पान तीनवर, आणि आईचं पान वेगळं, त्यावर फक्त एक वाक्य: 'हाक मारली की धावतच यायची.' खाली साक्ष म्हणून माझं नाव. लग्नाआधीचं. माझं ते नाव छापलेलं एवढं एकच पुस्तक जगात आहे, आणि ते मी आमच्या कपाटात मागच्या रांगेत ठेवलंय.

पुढे आम्ही खराडीला फ्लॅट घेतला. ऑफिस जवळ पडतं हे कारण होतंच. काकांचे फोन यायचे. मी मीटिंगमध्ये असायची. नसले तरी असायची. "इन्स्पेक्टर, एक चौकट आलीय, चूक काढायला या," ते म्हणायचे. मी येते येते म्हणायची. चार वर्षांत दोनदा गेले, दोन्ही वेळा घाईत. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी स्वतः पंखा लावला. मी म्हटलं, "पूर्वज उडतील ना?" ते म्हणाले, "उडू दे. आता सगळे पक्के बांधलेत." त्याच वर्षी थंडीत ते गेले. झोपेत. काकू म्हणाल्या, त्यांना झोप किती छान लागायची शेवटी शेवटी.

ते गेल्यावर दोन वर्षांनी माझी आई आजारी होती म्हणून मी माहेरी गेले, आणि एक दिवस भावाला म्हटलं, मला त्या खेड्यात सोड. अर्धा तासच लागला. पत्त्याचं पान मी जपून ठेवलं होतं. विचारायची गरजही पडली नाही, गावातलं तिसरं घर. म्हातारी अर्थातच नव्हती. सुनेनं बसायला गोणपाट टाकलं आणि पाणी दिलं.

"कवा गेल्या?" मी विचारलं.

"चार सालं झाले. शेवटपर्यंत समदं ध्यानात होतं बुढीच्या. मान्साले नावानं वळखे."

मी बोटांवर हिशेब केला. मी फाट्यावर उभी राहून "भेटले" म्हणाले, त्यानंतर ती बाई सहा वर्षं या अंगणात बसलेली होती. सहा दिवाळ्या. सगळं ध्यानात ठेवून.

मी काकांच्या आईबद्दल विचारलं. लक्ष्मीबाई, अमक्या गावी दिलेली. सूनबाईंनी क्षणभर विचार केला.

"हो ना! बुढीची मैतरीन होती थे. बुढी लय सांगे तिच्या गोष्टी. दुर्पता. लक्ष्मी त थे सासरी गेल्यावर झाली."

"वेणू नाही?"

"वेणू कोन बा? मले नाई मालूम. बुढी त दुर्पताच म्हने."

मी आणखी चार घरं फिरले. कुणाला काही माहीत नव्हतं. हडपसरचे ते गृहस्थ काकांच्याही आधी गेले होते. म्हणजे वेणू म्हणणारा एक आणि दुर्पता म्हणणारी एक, तीही सासूकडून ऐकलेली. काकांचा नियम लावला तर दोन्ही नावं अधांतरीच. खरं नाव वेणू असेलही. म्हातारी कुणा दुसऱ्या लक्ष्मीबद्दल बोलत असेल. ज्या बाईला खात्रीनं ठाऊक होतं, तिला विचारायचं काम जिच्यावर सोपवलं होतं, तिचं पोट बिघडलं होतं. आता विचारायला कुणी नाही. गच्चीवर उभं राहून काकांनी सात वर्षं हाका मारल्या, त्या कदाचित कुणा भलत्याच बाईला.

परत आल्यावर काकूंना सांगायचं ठरवलं. गेलेही. काकू म्हणाल्या, "बरं झालं आलात, मी फोनच करणार होते. पोरीला दिवस गेलेत." मी मग अभिनंदन करून आले.

मुलगी झाली. काकांची लेक आणि जावई आमच्याच भागात, खराडीत राहायचे. बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये, आमंत्रणावर नाव आधीच छापलेलं. पाळण्याला झेंडूऐवजी पांढरे फुगे. जावयाला बहीण नाही, त्यामुळे बाळाची आत्या कोण, हा प्रश्न निघाला होता, तो काकूंनी परस्पर सोडवून टाकला होता. मी दारातून आत शिरते तोच त्यांनी मला हाताला धरून पाळण्यापाशी नेलं.

"कानात नाव तुम्हीच सांगायचं. ज्यांनी नाव शोधून आणलं, त्यांचाच मान."

"कुठलं नाव?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

काकांची लेक हसली. बाळंतपणानं थकलेली, पण चेहरा थेट बापाचा. "वेणूच ना, ताई. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगी झाली तर आजीला परत बोलव म्हणाले. आणि आजकाल इतकं गोड नाव मिळतं कुठे? आमच्या ऑफिसात सगळ्या म्हणतायत, किती मॉडर्न!"

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो आत्याबाई, वाका लवकर, बाळ झोपेल."

मी वाकले. बाळ जागं होतं. इवलासा कान, त्यावर अजून लव होती. मला वाटलं होतं, जवळ गेल्यावर कळेल काय करायचं. दोन्ही नावं सांगावीत, असंही येताना रिक्षात ठरवलं होतं. एक हळू, एक मोठ्यानं, कुणाला पत्ता लागला नसता. पण ऐन वेळी त्या कानाशी तोंड नेलं आणि कळलं की या पोरीला मी काहीही सांगितलं तरी ती ते खरं धरणार आहे. मी तिला आमंत्रणावर छापलेलंच नाव सांगितलं.

"कुर्रर्र!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या आणि माझ्या पाठीवर थापा पडायला लागल्या. रीतच आहे ती. नाव ठेवणाऱ्या आत्याला सोडत नाहीत. लेकीच्या ऑफिसातल्या मुली हसत हसत हळूच मारत होत्या, इकडून तिकडून. काकूंचा हात मी ओळखला. तो तर फुलासारखा पडत होता.

सगळं आवरलं तरी मी वाकलेलीच होते.

"ताई, झालं की! उठा आता," काकू म्हणाल्या. "लागलं का कुठे?"

"नाही," मी म्हटलं. "मारा अजून."

हॉलभर हसू फुटलं.